विहिरीतलं आमेन

जागा चुकीची आहे हे मिस्त्रीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चाळीस वर्षं विहिरी खणणाऱ्या माणसाला त्यासाठी पहार मारून बघावी लागत नाही. प्रार्थनामंदिराच्या मागच्या भिंतीलगत तो टाच रोवून उभा राहिला, वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरली आणि काही न बोलता हात पँटला पुसला. त्याची सून शेजारीच उभी होती. सासऱ्याच्या त्या हात पुसण्याचा अर्थ तिला पाठ होता. इथे नको, असा तो अर्थ होता.

"मामा, बोला ना," ती हळूच म्हणाली.

"काय बोलू? ब्रदरला प्रभूनं दाखवलीय जागा."

"प्रभूनं वाळू दाखवली का?"

"गप बस. लोक ऐकतायत."

लोक म्हणजे मंडळी. ओळीने उभी राहून टाळ्या वाजवत होती. दोन वर्षं धड पाऊस नव्हता, आवारातला हातपंप नुसता खोकायचा, बायकांचे कमरेचे मणके डबे वाहून ढिले झाले होते. अशा लोकांना रविवारी ब्रदरने सांगितलं की उपासाच्या तिसऱ्या दिवशी मला दर्शन झालं, मागच्या भिंतीलगत निळंशार पाणी दिसलं, जास्त खोल नाही. लोक टाळ्या वाजवणार नाहीत तर काय करतील?

ब्रदरला येऊन आठ महिने झाले होते. त्याच्या आधी तीस वर्षं पाळकबाबा होते. त्यांच्या उपदेशात निम्मी मंडळी पेंगायची. कुणी काही अवघड विचारलं तर बाबा डोकं खाजवत म्हणायचे, "मला ठाऊक नाही बुवा. तूही वाच, मीही वाचतो, बुधवारी बोलू." आणि बुधवारी खरंच बोलायचे. बाबा थकले, मुलीकडे राहायला गेले, आणि त्यांच्या जागी हा आला, इस्त्रीच्या शर्टाचा, चकचकीत बुटांचा. ह्याला सगळंच ठाऊक असायचं. कुणाचं लग्न कुठे जमवावं, कुणी कोणतं औषध बंद करावं, कुणाच्या घरात कसला आत्मा शिरलाय. लोकांना ते फार आवडलं. इतकी वर्षं स्वतः वाचायचा त्रास होता, तो एकदम संपला.

मिस्त्री मंडळीचा कारभार बघणाऱ्या तीन वडिलांपैकी एक होता. पहिल्याच महिन्यात त्याने भर उपासनेत विचारलं होतं, "ब्रदर, हे वचन कोणत्या पानावर आहे?" त्याला खरंच पान हवं होतं, पुस्तकात बोट घालून तो शोधत होता. ब्रदर हसला. "मिस्त्रीकाकांना अजून पान सापडत नाही. मातीत हात घालून घालून डोळ्यांतही माती गेलीय!" सगळे हसले. ज्यांच्या दारातल्या विहिरी मिस्त्रीने खणल्या होत्या तेही हसले. त्या दिवसापासून मिस्त्री पुस्तक मांडीवर मिटूनच ठेवायचा.

तर खणायला सुरुवात झाली.

खाली उतरायचा मिस्त्रीचा मुलगा. चार वर्षांचा असल्यापासून अंगणात भोकं पाडायचा म्हणून त्याला घूस म्हणायचे, आणि आता दाढीत पांढरे केस आले तरी सगळे घूसच म्हणायचे. वर रहाटावर त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी दगड पडून मिस्त्रीचा उजवा खांदा निखळला, तेव्हापासून दांडा तिच्या हातात आला होता. तिला काम मिस्त्रीनेच शिकवलं. पहिल्या दिवशी त्याने एकच गोष्ट तीन वेळा सांगितली होती. दोरावर एकच तोंड. खालच्या माणसाशी बोलायचं ते दोर धरणाऱ्यानेच. मालक ओरडो, मी ओरडो, आकाशातून कुणी ओरडो, खालच्याने ऐकायचं दोरावरच्याचं, आणि दोरावरच्याने ऐकायचं फक्त खालच्याचं.

त्यांचे शब्दही तीनच होते. विहिरीत लांब वाक्याचा चुरा होतो, वर नुसती कुजबुज येते. म्हणून वरून ती विचारायची, "आहे?" खालून उत्तर यायचं, "आहे," म्हणजे सगळं ठीक. "थांब," म्हणजे काही हलवू नको. आणि "ओढ." ओढ म्हटल्यावर विचारायचं नाही, हातातलं टाकून ओढायचं. ह्या तीन शब्दांवर तिने नवऱ्याला आजवर चौदा विहिरींतून सुखरूप घरी आणला होता.

तिसऱ्या दिवशी ब्रदर खणणं बघायला आला. मातीच्या ढिगापासून चार हात लांब उभा राहिला, बूट खराब होतील म्हणून. खालून "थांब" ऐकू आलं. एक दगड पहारीने सुटा करायचा होता, एवढंच. सुनेने खुंटी घातली आणि रहाट अडकवला.

"कशाला थांबवलं?" ब्रदरने विचारलं.

"दगड आहे. ते म्हणाले थांब."

"हे शब्द कुणी ठरवले?"

"आमच्यात असेच आहेत," मिस्त्री म्हणाला. "माझ्या बापापासून."

ब्रदरने मान हलवली, लहान पोराला समजवावं तशी. "काका, ही प्रभूची विहीर आहे. इथे 'थांब' म्हणजे अविश्वास. 'ओढ' म्हणजे भीती. जीभ जे बोलते ते घडतं. उद्यापासून खालून एकच शब्द येईल. आमेन."

सुनेला वाटलं तो गंमत करतोय. तिने हसून बघितलं. तो हसत नव्हता.

"ब्रदर, आमेन म्हटल्यावर मला कसं कळणार की..."

"बहीण, तुम्ही मध्ये बोलू नका. मी वडिलांशी बोलतोय."

तिने सासऱ्याकडे पाहिलं. मिस्त्री खांदा चोळत होता. एवढी माती त्याने आयुष्यात उपसली, पण ह्या माणसासमोर तोंडातून शब्द उपसता येईना. "बघू," तो पुटपुटला. आणि ब्रदरने काठावर वाकून स्वतःच खाली हाक मारली, "भाऊ, आमेन?" खाली पहारीचा आवाज थांबला. मग आलं, "आमेन."

झालं. दोरावर दुसरं तोंड आलं.

संध्याकाळी घरी हातपाय धुताना ती नवऱ्यावर उखडली. "तुम्हाला म्हणायला काय झालं होतं, की आमच्या कामात ढवळाढवळ नको म्हणून?"

"अगं, एक शब्द तर आहे. देवाचाच आहे."

"देवाचा आहे म्हणूनच म्हणते! देवाचा शब्द काय बादली बांधायला आहे? दिवसभर तुम्ही आमेन म्हणणार, मी वर दोर धरून काय समजू? दगड लागला तरी आमेन, पाय मोडला तरी आमेन?"

घूसने मान खाली घालून कोपरं घासली. मिस्त्री दारात बसून ऐकत होता. त्या घरात दोन कर्ते पुरुष होते आणि दोघांच्या जिभांना टाळं लागलं होतं. तिने बादली अशी आदळली की पाणी उंबऱ्यापर्यंत गेलं, आणि मग पाण्याची टंचाई आठवून तिलाच वाईट वाटलं.

सहाव्या दिवशी वीस फुटांवर माती बदलली. पाटी वर आली ती जड, ओली, राखाडी. सुनेने मूठ आवळून सोडली. चिखल असता तर मुठीचा आकार राहिला असता. हे पसरलं. वाळू होती, आणि पाणी धरलेली वाळू, म्हणजे सगळ्यांत वाईट. तिने मूठ सासऱ्यापुढे धरली.

"कडी घातल्याशिवाय एक फूटही खाली जायचं नाही," मिस्त्री म्हणाला. हे मात्र तो मोठ्याने म्हणाला. सिमेंटची कडी एकावर एक उतरवली की भिंत धरून राहते. दोन दिवसांचं काम होतं.

ब्रदरला निरोप गेला. ब्रदर आला. रविवारी बाहेरच्या मंडळ्यांचे पाहुणे यायचे होते, त्यांना पाणी दाखवायचं होतं. "कडी नंतर घाला. पाणी दोन हातांवर आहे, मला पुन्हा दाखवलंय."

"ब्रदर, वाळू आहे खाली."

"काका, तुम्ही वाळूवर विश्वास ठेवता की प्रभूवर?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? प्रश्नच असा बेतलेला की कसंही उत्तर दिलं तरी माणूस फसावा. मिस्त्री वाळूला ओळखत होता, म्हणून घाबरत होता. आणि प्रभूला तो त्याहून जास्त ओळखत होता असं त्याला वाटायचं, पण ते सांगायला पान सापडावं लागतं. तो मागे सरला. घूसने कमरेचा पट्टा बांधला, दोराचा आकडा अडकवला, बायकोकडे न बघता उतरला.

ती दांडा फिरवत होती आणि मनात प्रार्थना करत होती. प्रभू, मी तुझ्यावर रागावलेले नाही, ह्या माणसावर रागावलेय. दोघांची सरमिसळ होऊ देऊ नकोस. माझ्याही डोक्यात आणि ह्या लोकांच्याही.

ऊन कलायला लागलं होतं. कुंपणापलीकडे शेजारच्या शिंपीणबाई ओट्यावर शिवणाचं मशीन चालवत बसल्या होत्या. दहा-बारा माणसं ब्रदरभोवती उभी होती. पाट्यांच्या वेगळ्या दोराने चार पाट्या वर आल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा पातळ. पाचवी आलीच नाही.

"आहे?" तिने हाक दिली.

"...एन."

तेवढंच वर आलं. 'आमेन'मधला पुढचा अर्धा शब्द खालीच राहिला.

"आमेन नको! आहे की ओढ, ते सांगा!"

"बहीण!" ब्रदर गरजला.

"अहो, वाळू कुठवर आलीय? गुडघा? मांडी?"

खालून पुन्हा तेच आलं. "...एन." पण दांड्यातून तिच्या तळव्यांना दोर कळत होता. घूस काम करतो तेव्हा दोर सैल असतो, इकडेतिकडे हलतो. आता दोर ताठ होता आणि बारीक थरथरत होता. तिने खुंटी उपसली.

तिच्या मनगटावर हात पडला. सासऱ्याचा.

"थांब. ब्रदर म्हणतायत काही नाही झालेलं."

"मामा, सोडा."

"लोकांसमोर तमाशा नको..."

"मामा!" ती किंचाळली. "दोरावर तोंड कुणाचं? मला कुणी शिकवलं? तुमचा मुलगा खाली आहे आणि तुम्ही बुटांकडे बघताय!"

मिस्त्रीने खरंच ब्रदरच्या बुटांकडे पाहिलं. मग त्याचा हात तिच्या मनगटावरून सुटला आणि दांड्यावर आला, निखळलेल्या खांद्यासकट. दोघांनी ओढलं. दांडा हलेना. छातीचा जोर लावून, पाय काठाच्या दगडाला रेटून ओढलं. मिस्त्रीच्या खांद्यातून कट्ट आवाज आला, त्याने ओठ चावला, सोडलं नाही. भोवतीचे दहा-बारा जण ब्रदरच्या तोंडाकडे बघत उभे होते, मदतीला जायची परवानगी मिळते का म्हणून. परवानगी मिळाली नाही. ब्रदरने डोळे मिटून हात वर केले होते.

मग एकदम सैल झालं. दांडा गरगर फिरला, आणि घूस वर आला. एक गमबूट गेलेला, गुडघा नको त्या बाजूला वळलेला, तोंडात वाळू. त्याला काठावर घेतला आणि खाली धप्प झालं. भिंतीचा एक भाग, कपाटाएवढा, तो उभा होता तिथे बसला. काठावरची जमीनही हादरली. शिंपीणबाईंचं मशीन थांबलं.

कुणी काही बोलायच्या आत ब्रदर बोलला. "हालेलुया! विश्वासाच्या शब्दानं वाचवलं!" आणि मंडळी म्हणाली, "आमेन."

सुनेच्या हातात पहार नव्हती हे बरं झालं.

गुडघ्याला प्लॅस्टर लागलं. डॉक्टर म्हणाला दोन महिने खाट, नंतर बघू, खोल उतरायचं आता विसरा. घरी आणल्यावर तिने त्याला स्वच्छ केलं, कानातली वाळू काडीने काढली, चहा पाजला, आणि मग विचारलं. "वाळू कुठवर आली होती?"

"मांडीपर्यंत."

"मग ओढ का नाही म्हणालात?"

घूस छताकडे बघत राहिला. "सगळे वर उभे होते. ओढ म्हटलं असतं तर म्हणाले असते, ह्याचा विश्वास नाही."

"आणि मेला असतात तर?"

"मला वाटलं, ब्रदर सांगेल तुला ओढायला."

ती उठून बाहेर गेली. भिंतीला टेकून उभी राहिली आणि संतापाने रडली. नवरा जिवंत होता ह्याचा आनंद पोटात कुठेतरी होता, पण त्याच्या आधी रागच वर येत होता. लाजेपायी मरायला निघालेला माणूस, आणि वर लोक त्याला विश्वास म्हणतात!

मिस्त्री खाटेशी बसला होता. पट्टीने गळ्यात अडकवलेल्या हाताने त्याने मुलाच्या प्लॅस्टरवरची धूळ झटकली. "मी तिचा हात धरला होता," तो म्हणाला. "दांड्यावरून ओढत होतो मी तिला. तुला माहीत असावं म्हणून सांगतो."

"असू दे, बाबा."

"असू दे काय? असू द्यायची गोष्ट आहे का ही?"

त्याने फळीवरून आपलं जुनं पुस्तक काढलं, पाठ मोडलेलं, आणि मांडीवर उघडलं. बराच वेळ एकेका ओळीवर बोट फिरवत वाचत राहिला.

पाहुण्यांचा रविवार एक आठवडा पुढे गेला. गुरुवारी ब्रदर बिस्किटांचा पुडा घेऊन घरी आला. फोन काढून खाटेसमोर स्टुलावर उभा केला. पाहुण्यांना दाखवायला साक्ष हवी होती.

"भाऊ, मृत्यूच्या जबड्यात होतास तेव्हा तोंडात कोणता शब्द होता?"

"आमेन."

"आणि मग काय झालं?"

"मग बायकोनं ओढलं."

"प्रभूनं ओढलं."

घूसने बायकोकडे पाहिलं. "तिच्या हाताला फोड आलेत, ब्रदर. प्रभू होताच. पण तुम्ही नको म्हणत होतात. दाखव गं हात."

तिने हात फोनपुढे धरला. ब्रदरने फोन उचलून खिशात टाकला. चेहरा मात्र तसाच गोड. "राहू दे, तुला विश्रांती हवीय. विहिरीची काळजी करू नका. सोमवारी लांबून माणसं येतायत, ती पुढे खणतील."

मिस्त्रीने मान वर केली. "त्यांना सांगितलंत का, खाली वाळू आहे? ढासळलीय?"

"त्यांना विश्वासानं खणायला सांगितलंय."

"सांगितलंत का?"

"काका, तुम्ही मंडळीचे वडील आहात. वडिलांनी मेंढपाळाच्या मागून चालावं, पुढून नाही." आणि तो निघाला. सुनेने पुडा उचलला, दारापर्यंत गेली आणि त्याच्या हातात दिला. "हा राहिला."

रविवारी मिस्त्रीने वडिलांच्या बाकावर बसायचा पांढरा शर्ट घातला. मग डाव्या हातात फावडं घेतलं. सुनेने दोन पाट्या घेतल्या, ढासळत्या काठावरून कुणी घसरलं तर असावा म्हणून दोर-पट्टा घेतला. घूसला हातगाडीवर बसवून नेला. ढिगापाशी खुर्ची मांडून त्याला बसवला, तर त्यानेही बसल्या बसल्या फळीने माती लोटायला सुरुवात केली. मंदिरात पहिलं गीत चालू होतं. तिघांची माती धपाधप विहिरीत पडत होती.

तिसऱ्या गीताला ब्रदर बाहेर आला. हातात बिनवायरचा माइक तसाच होता, चालूच. त्यामुळे तो जे बोलला ते आधी मंदिरातल्या स्पीकरमधून आलं आणि मग त्याच्या तोंडून आल्यासारखं वाटलं.

"हे काय चाललंय? देवानं दाखवलेली जागा बुजवताय? कुणाच्या अधिकारानं?"

आतलं गाणं बंद पडलं. खिडक्यांत पाहुण्यांची, मंडळीची तोंडं दिसायला लागली.

मिस्त्री सरळ उभा राहिला. "वीस फुटांवर वाळू आहे. माझा मुलगा मांडीपर्यंत रुतला होता. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मी बोललो नाही. तो माझा गुन्हा आहे, मंडळीसमोर कबूल करतो. उद्या दुसऱ्या कुणाचा मुलगा इथे उतरणार नाही."

"देवानं मला सांगितलंय, इथे पाणी आहे!"

"मग उतरा," सून म्हणाली.

तिने पट्टा उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "मी बांधते. दोर मी धरते, माझा हात सुटत नाही, सगळ्यांनी बघितलंय. खाली जाऊन एक पाटी भरून द्या. भरलीत तर आम्ही फावडी टाकून घरी जातो, आणि तुम्ही म्हणाल ते ऐकतो."

ब्रदरने विहिरीकडे पाहिलं. खाली अर्धवट पडलेल्या मातीतून वाळूचा ओघळ अजून सरकत होता. तो एक पाऊल मागे झाला. बूट ढिगात रुतला.

"प्रभूची परीक्षा पाहू नये," तो म्हणाला, आणि स्पीकरनेही म्हटलं.

"माझ्या नवऱ्याला उतरवलंत तेव्हा हे वचन कुठे होतं?"

ती उत्तरासाठी खोळंबली नाही. पट्टा बाजूला ठेवला, पाटी भरली आणि उपडी केली. मागे कुंपणाच्या दाराचा आवाज झाला. शिंपीणबाई अनवाणीच आल्या होत्या, पदर खोचलेला. त्यांनी दुसरी पाटी उचलली, ढिगात खुपसली आणि ब्रदरकडे न बघताच म्हणाल्या, "सर रे बाजूला. माती टाकायचीय."